वाटूरच्या रस्त्यावर हलवलेली मान

नवा सायलेन्सर पहिल्यांदा तापला की त्याच्यावरचं तेल जळून कडवट वास येतो. परवा सिग्नलला शेजारच्या गाडीचा तो वास आला आणि मला तो रविवार आठवला. लांब फिरायला म्हणून मी नवी मोटारसायकल घेतली होती आणि महिनाभर ऑफिस सुटलं की मस्तगडच्या गॅरेजात जाऊन बसत होतो. हँडल दोनदा बदललं. एकानं पाठ वाकायची, दुसऱ्यानं खांदे भरून यायचे. "हे उंच घ्या साहेब, हात बिलकुल दुखणार न्हाई," मिस्त्री म्हणाला. त्याच्यासोबत मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही बसवला आणि बायकोला मागं घेऊन वाटूरला निघालो. रस्ताभर ती माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होती. त्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं, आणि माझं लक्ष हँडल अजून थोडं मागं हवं का याच्यातच. मी नुसती मान हलवत राह्यलो. वाटूरला चहा सांगितला, तर ती फोन पर्समध्ये ठेवत म्हणाली, "माझ्या ऑफिसातल्या साहेबांना कळवलं, पुण्याची बदली घेते म्हणून. मला वाटलं, तुम्ही न्हाई म्हणाल. तीनदा विचारलं, तिन्हीदा हो म्हणलात." तिचे डोळे भरून आल्ते. "मंग, जायलाच पायजे," मी म्हणालो. दुसऱ्याच दिवशी मी कंपनीचा सायलेन्सर परत बसवून घेतला. आता दर शनिवारी त्याच गाडीवर पुण्याला जातो. ती तिथं खूश आहे. त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे सांगायचं दर वेळी रस्त्यात ठरवतो, आणि तिनं हसत दार उघडलं की राहून जातं.