तुकाभाऊंचा चार्ज

आमच्या स्टेशनात चार माणसं चहाला टेकली की किस्सा निघतोच, आणि निम्मे किस्से कार्ल्याच्या वाटेवरच्या फाटकाचे असतात. साठ सालच्या आसपास मी याच रेल्वे स्टेशनात बुकिंग क्लार्क होतो. 'चार्ज' हा शब्द आमच्या तोंडी कायम. तारेत चार्ज असतो, ड्यूटीचा चार्ज घेतात, चुकलं की चार्जशीट येते! फाटकवाले तुकाभाऊ शाळेत गेले नव्हते, पण तिन्ही चार्ज ते आमच्याहून चांगले ओळखत.

एकदा वाऱ्यानं एका साहेबांची हॅट उडून विजेच्या तारेवर बसली. साहेब काठी शोधू लागले. भाऊंनी काठीच लपवली. "तारंत चार्ज हाय साहेब. हॅट नवी मिळंल."

दुसरे साहेब जीप घेऊन आले. गाडी यायची होती, फाटक बंद. "उघड, नाहीतर चार्जशीट देईन." भाऊ म्हणाले, "द्या की. गाडी गेल्यावर घेतो." साहेबांनी इंजिन बंद केलं.

ड्यूटी सोडताना भाऊ बदलीवाल्या शंकरला एकेक वस्तू मोजून द्यायचे. दोन झेंडे, एक कंदील, भरलेला माठ. एकदा चुलीवरचं कालवणही मोजणीत आलं. शंकर हसला, "कालवनाचा बी चार्ज?" "करपलं तर कुनाला धरू?"

भाऊंच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. त्या माहेरी निघाल्या तेव्हा त्यांनीही दारात थांबून सांगितलं, "दोन म्हशी, चार कोंबड्या, एक सासू. मोजून घ्या." भाऊंनी खरंच मोजलं. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग त्यांच्या लेकीचं, सुंदराचं लग्न. मांडव फाटकाशेजारी खोलीपुढंच, मुहूर्त बाराचा. घोरावाडीहून येणाऱ्या शंकरची गाडी लेट. बारा वाजत आले, नवरदेव पाटावर, भटजी घड्याळाकडे बघतायत, आणि मुलीचा बाप फेटा बांधून फाटकावर उभा. मी धावत गेलो. "भाऊ, तुम्ही जा, मी थांबतो."

"तुमी तिकिटाचं मानूस. तुमास्नी चार्ज देता येत न्हाई."

मुहूर्ताला दोन मिनिटं उरली तेव्हा शंकर गाडीतून उतरून रुळाच्या कडेनं धापा टाकत आला. मांडवातून सगळे ओरडले, "भाऊ, पळा!"

भाऊंनी झेंडे हातात घेतले. "दोन झेंडे. एक कंदील..."

मुंडावळ्या बांधलेली सुंदरा मांडवातून उठून फाटकापाशी आली.

"आनि भरलेला माठ. मी सकाळीच भरलाय आबा. चला आता."