मावशीची न कापलेली मतं

मावशी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे लॅबमध्ये यायचे. त्यात ती प्लास्टर ओतायची, मग मेणात एकेक दात बसवायची, आणि वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघताना हळूच म्हणायची, "हं, चाव आता." जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाशी गाठ पडलेली असल्यामुळे की काय, स्वतःच्या तोंडाला मात्र तिने कधी कुलूप घातलं नाही.

खेळांचा नाद लागला तो पाय मोडल्यावर. जिन्यावरून घसरली आणि प्लास्टर ओतणारी बाई स्वतःच प्लास्टरमध्ये जाऊन पडली. एकटीच राहायची. तिला विरंगुळा म्हणून थोरल्या बहिणीच्या मुलाने आपला जुना कंप्युटर पलंगाशेजारी आणून ठेवला. "बरी झालीस की परत दे हं, मावशी." मावशी बरी झाली; कंप्युटर काही परत गेला नाही. भाच्याने पुढे किती नवे घेतले आणि टाकले, पण मावशीच्या खोलीत तो जाड पाठीचा मॉनिटर खिडकीखाली जो ठाण मांडून बसला तो बसलाच. थोरली आली की त्याच्याकडे पाठ करून बसायची. "या वयात पोरखेळ," म्हणायची. मावशी म्हणायची, "तू मालिका बघतेस, त्यात तुला काही करता येत नाही. इथे मी निदान तलवार तरी चालवते."

भाचा आता चांगला बाप्या झाला होता. जुन्या खेळांबद्दल तो इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचा आणि ते बघणारेही बरेच होते. एका रविवारी तो कॅमेरा घेऊन आला. "तू नुसती बोलत राहा, खेळत राहा. बाकी मी बघतो." मावशी दुपारभर बोलली. कुणी कान देऊन ऐकतंय म्हटल्यावर माणसाला भरतं येतं, तसं झालं.

व्हिडिओ आला तो थोरलीने फोनवर दाखवला. मावशीचा चष्मा नाकावरून घसरतोय, माउस आपटतोय, "मेला, मेला!" म्हणून ती खुर्चीतून उठतेय, मागे टुणटुण संगीत, कडेने लाल बदाम उडतायत. वर नाव: सगळ्यात गोड गेमर आजी. दुपारभरच्या बोलण्यातलं एक मत त्यात नव्हतं. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं: किती गोड! मला हवी अशी आजी!

"बघ, कौतुक करतायत," थोरली म्हणाली.

"कौतुक माकडाचंही करतात," मावशी म्हणाली आणि भाच्याला फोन लावला. "गोड मी चहा करते. मत गोड नसतं. आणि आजी कुणाची रे मी?"

"अगं, लोकांना आवडलंय. तुझी ती लांबलचक मतं कोण ऐकणार?"

"ते लोकांना ठरवू दे. हे काढून टाक, नाहीतर मला थेट बसव. मध्ये कात्री नको, वाजंत्री नको."

भाच्याने आढेवेढे घेतले. पण लहानपणी त्याच्या आईच्या हातचा मार चुकवायला तो ज्या दाराआड लपायचा ते दार मावशीच्या घराचं होतं. पुढच्या रविवारी सकाळी थेट प्रक्षेपण ठरलं.

मावशी लॅबमध्ये घालते तोच निळा कोट घालून बसली. थोरलीही आली होती, नेहमीसारखी पाठ करून कोपऱ्यात बसली. भाच्याने हसत सुरुवात केली, "तर मंडळी, जुन्या खेळांची मजाच वेगळी, नाही का मावशी?"

"नाही," मावशी म्हणाली. "निम्मे जुने खेळ भिकार होते."

भाच्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

मावशीने एकेकाला हातात घेतलं. उड्या मारत पुढे जायचे ते खेळ: पडलं की पार पहिल्यापासून. "याला लोक कठीण म्हणतात. मी म्हणते, बनवणाऱ्याकडे दाखवायला थोडंच होतं, म्हणून तेच पुन्हा पुन्हा चघळायला लावलं." शर्यतीच्या गाड्यांबद्दल मात्र तिचा आवाज मऊ झाला. जुन्या मशीनला लांबचा रस्ता काढता यायचा नाही, म्हणून पुढे धुकं सोडलेलं असायचं. "लोक त्याला हसतात. पण वळण येणार हे डोळ्याला नाही, पोटाला कळायचं. आता सगळं लख्ख दिसतं आणि भीती वाटत नाही." नगर वसवायच्या खेळांत ती रमायची, पण त्यातली माणसं कर भरण्यापुरतीच जिवंत असतात म्हणून तिचा राग होता. बंदुकीच्या खेळांना ती नाक मुरडेल असं सगळ्यांना वाटलं असणार. "ते प्रामाणिक असतात. समोर राक्षस आहे, हातात बंदूक आहे. उगाच तत्त्वज्ञान सांगत नाहीत." लांबलचक राज्यं-राजपुत्रांच्या गोष्टीवाल्या खेळांना तिने एका वाक्यात झोपवलं: "हत्तीसारखं आहे, दाखवायचे दात वेगळे. सुरेख चित्रं, आणि चावायला गेलं तर आत काही नाही."

एव्हाना खाली मजकूर धो धो वाहू लागला होता. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी म्हणत होतं, आजी, स्वयंपाकघरात जा. मावशीने चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं. "जाऊन आले. भात झालाय."

मग तिने त्या खेळाला हात घातला ज्यावर भाच्याच्या प्रेक्षकांचा जीव होता: जादूगाराच्या बेटावर वस्तू गोळा करत कोडी सोडवायची. "पहिल्या खोलीतला चमचा उचलला नाही तर शेवटचं दार उघडत नाही. सांगत कुणी नाही. दोनदा सगळा खेळ वाया गेला माझा. हे कोडं नाही, दगाबाजी आहे."

बघणाऱ्यांपैकी एका माणसाने थेट जोडून बोलायची परवानगी मागितली. जुने खेळ जमवणारा होता, या मंडळींत त्याचा शब्द चालायचा. तो शांतपणे म्हणाला, "चमचा राहिला असेल तर नावाड्याशी तीनदा बोला. तो आपला देतो."

मावशीने तिथल्या तिथे खेळ लावला, नावाडी गाठला. तिसऱ्यांदा बोलताच त्याने चमचा काढून दिला.

भाच्याने डोळे मिटले. कोपऱ्यात पाठ करून बसलेली थोरली आता वळून बघत होती.

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाली. "दगाबाजी नव्हती. चुकले मी." तिने चष्मा वर सरकवला. "पण एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्याकडे तिसऱ्यांदा कोण जाईल हो? दगाबाज नसेल, खेळ वाईटच."

"वाईट?" पलीकडचा माणूस उसळला आणि दोघांची जी जुंपली ती भात गार होईपर्यंत. मावशी एक इंच हटली नाही, तोही हटला नाही. मध्येच निम्मे बघणारे निघून गेले. भाचा आकड्याकडे बघत हळहळत होता. उरलेले मात्र हिरिरीने भांडत होते, आणि आता तिला कुणी गोड म्हणत नव्हतं. एकाने लिहिलं, ही बाई हट्टी आहे. मावशीला ते फार आवडलं.

बंद झाल्यावर भाचा म्हणाला, "शिव्या खाल्ल्यास तू. तो चमच्याचा भाग तरी कापतो. बरा नाही दिसत."

"हात लावलास तर बघ. चुकलेली मीच आहे ना? मग राहू दे मला तिथे."

पहिला व्हिडिओ भाच्याने त्याच संध्याकाळी काढून टाकला, तोंड पाडून का होईना. थोरली जायला निघाली, चपला घातल्या आणि दारातच घुटमळली.

"तो नावाडी," ती म्हणाली, "तिसऱ्यांदा नेमकं काय बोलला गं? मला नीट ऐकू आलं नाही."

मावशीने दुसरी खुर्ची ओढली. "ये, बस. पण आधीच सांगते, खेळ वाईट आहे."

"ते मी ठरवीन," थोरली म्हणाली आणि चपला काढल्या.