टोपीच्या गाण्यातलं दुसरं कडवं

सहा वर्षांची असताना तिनं एका चित्रपटात काम केलं आणि पुढची चाळीस वर्षं लोक तिला त्या चित्रपटातल्याच नावानं हाक मारत राहिले. चिमणी. पोस्टातल्या बाई म्हणायच्या, "चिमणी, सही कर." दाताचा डॉक्टर म्हणायचा, "चिमणी, आ कर." डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागले, तरी ती चिमणीच.

त्या चित्रपटात ती वडिलांची भलीमोठी टोपी घालून गच्चीवर गाणं म्हणते. टोपी नाकावर येते, तिला दिसत काहीच नाही, तरी ती गातच राहते. लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं. पाठोपाठ आणखी सात चित्रपट आले. मग बाराव्या वर्षी ती अशी काही ताडमाड वाढली की एक दिग्दर्शक तिच्या आईला म्हणाला, "अहो, हिला उभी करायची म्हटलं तर नायक खुजा दिसतो." कामं थांबली.

पण गळा होता. चौदाव्या वर्षी शिकवणी लावली, अठराव्या वर्षी ती कोरसच्या मागच्या रांगेत उभी राहिली. रविवारी दुपारी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, काट्याचमच्यांच्या खडखडाटात गायली. साबणाच्या जाहिराती केल्या. हळूहळू स्वतःचे कार्यक्रम, स्वतःच्या दोन रेकॉर्ड. मात्र कुठंही गेलं तरी शेवटी फर्माईश एकच, "चिमणी, टोपीचं म्हणा!" तीही हसून म्हणायची, "लहानपणी गायलेलंच म्हणते."

मग एकदा रेडिओवर मुलाखत होती. निवेदिका चांगली अभ्यास करून आलेली. तिनं गोड आवाजात विचारलं, "पडद्यावर तुम्ही होतात, आवाज मात्र थोरल्या बाईंचा. आता तेच गाणं स्वतः गाताना कसं वाटतं?"

चिमणी हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती. थोरल्या बाई म्हणजे त्या काळच्या मोठ्या गायिका, मुलांचा आवाज काढण्यात पटाईत. हे बऱ्याच जणांना माहीत होतं, पण हिलाही ते माहीत असणारच असं धरल्यामुळे कुणी तिच्यापाशी कधी विषय काढला नव्हता. रेकॉर्डच्या वेष्टनावर हिचाच फोटो होता. त्याखालची बारीक अक्षरं तिनं जन्मात वाचली नव्हती.

घरी येऊन तिनं आईला गाठलं.

"आई, मी उंच स्टुलावर बसले होते. माइकला लोकरीचं काहीतरी गुंडाळलेलं होतं. काचेपलीकडून एका काकांनी मला संत्र्याची गोळी दाखवली होती. ते काय होतं मग?"

"तू त्या दिवशी बाहेर सोफ्यावर झोपली होतीस. चक्क घोरत होतीस."

"आणि स्टूल?"

"स्टूल दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटातलं असेल. अगं, आठ चित्रपट केलेस तू, मला काय काय लक्षात राहणार?"

"मग सोफा बरा लक्षात राहिला!"

आई फुरंगटून आत गेली.

तिचा नवरा पियानो सुरात लावून द्यायचा, म्हणजे कानाचा पक्का. त्यानं रेकॉर्ड सात-आठ वेळा ऐकली. "पहिलं कडवं थोरल्या बाईंचं, पैजेवर सांगतो," तो म्हणाला. "दुसऱ्यात श्वास जरा लवकर तुटतो. फीत कापून मध्ये दुसरा तुकडा जोडलेला असू शकतो."

"म्हणजे माझा?"

"किंवा रेकॉर्डवर चरा असेल."

तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. ध्वनिमुद्रण करणारा माणूस कधीच वारला होता. उरल्या होत्या फक्त थोरल्या बाई. पत्ता मिळवून एका सकाळी चिमणी त्यांच्याकडे गेली. तीन जिने चढून धापा टाकत, घामाघूम. बाई ऐंशीच्या पुढच्या, खिडकीशी लोकरीची शाल पांघरून बसलेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"त्या दिवशी मला सर्दी होती," त्या म्हणाल्या. "का ती दुसऱ्या गाण्याच्या वेळी होती? लाव बघू ते."

चिमणीनं बरोबर आणलेली रेकॉर्ड लावली आणि दोघी ऐकत बसल्या. दुसरं कडवं आलं तशी चिमणी म्हणाली, "हे तुमचंच वाटतंय."

"छे, यातला 'कोण' हा शब्द मी असा कधी म्हणेन का? हा तुझा."

"पण शेवटची ओढ तुमची आहे."

"ती माझी असेल." बाईंनी पुन्हा सुई मागे नेली. "नाही बाई. मला काहीच कळत नाहीये."

दोघींना हसू फुटलं. चहा झाला आणि चिमणी आली तशीच परत गेली.

दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात थोरल्या बाईंची मुलाखत छापून आली. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, 'टोपीच्या गाण्यातलं दुसरं कडवं त्या मुलीनं गायलंय. तिचं नाव राहून गेलं.' मग अभिनंदनाचे फोन सुरू झाले. रेकॉर्ड कंपनीनं नव्या आवृत्तीवर दोन्ही नावं घातली. आई मात्र पेपर आपटून म्हणाली, "म्हातारीला भ्रम झालाय."

चिमणीनं बाईंना फोन लावला. "बाई, तुम्हाला आठवलं?"

"नाही गं."

"मग असं कसं सांगितलंत?"

"तू आलीस तेव्हा तुझा चेहरा बघवेना मला. माझी गाणी काय कमी आहेत? एका कडव्यानं माझं काय जातंय?"

"पण ते खरंच माझं असलं तर?"

"तर मग उत्तमच की."

"आणि नसलं तर?"

"तू गातेस ना ते? मग गा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

चिमणीला उपकार मानावेत की रागवावं, समजेना. इतकी वर्षं जे आपलं म्हणून बिनदिक्कत गायलं, ते आता कागदोपत्री आपलं झाल्यावर गाताना तिला चोरट्यासारखं वाटू लागलं. दोन कार्यक्रमांत तिनं गाणं टाळलं. तिसऱ्यात लोक ऐकेनात. आई पहिल्या रांगेत बसली होती. चिमणीनं डोळे मिटले. स्टूल दिसलं, सोफाही दिसला. दुसरं कडवं तिनं कसंबसं ओढून नेलं.

घरी जाताना आई म्हणाली, "दुसरं कडवं आज वेगळंच लागलं."

"चांगलं की वाईट?"

"वेगळं," आई म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

चिमणी तिच्याकडे बघत राहिली. आईला काय म्हणायचं होतं, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. गाणं मात्र ती अजून गाते.