सिनेटरला लिहिलेली एकोणीस पत्रं

जयप्रकाश देवरेची एक गोष्ट कुवेतमधल्या निम्म्या मराठी घरांना पाठ होती. पाठ न होऊन सांगतात कुणाला! दिवाळीचा फराळ असो, खैरानच्या समुद्रावरची सहल असो, कुणाच्या नातवाचं बारसं असो, जेवणं उरकत आली की हा गृहस्थ खुर्ची पुढे ओढायचा आणि म्हणायचा, "नव्वद साली काय झालं..." नवीन आलेली आयटीतली पोरं कौतुकाने ऐकायची. जुनी मंडळी हात धुवायला उठायची.

गोष्ट अशी. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा जयप्रकाश एका तेल कंपनीत होता. हुद्द्याचं नाव डॉक्युमेंट कंट्रोलर, काम कारकुनाचं. आलेल्या ड्रॉइंगवर नंबर घालायचा, कुठली प्रत कुणाकडे गेली ते वहीत लिहायचं आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची सहीनिशी पोच परत आली की नाही ते पाहायचं. हवल्ली वस्तीतली आपली माणसं तेव्हा मिळेल त्या बसने बगदादमार्गे जॉर्डनकडे पळत होती. याच्या साहेबाने पळता पळता ड्रॉइंगरूमची किल्ली याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "देवरे, हे तुझ्यावर सोपवतो." चार वर्षांत साहेबाने त्याला नावाने मारलेली ती पहिली हाक. तेवढ्यावर जयप्रकाश विरघळला आणि मागे राहिला. तेलविहिरींच्या ड्रॉइंगांची चोवीस नळकांडी त्याने तळघरात पाण्याच्या टाकीमागे लपवली, सात महिने राखली. कुवेतची सुटका झाल्यावर, भर दुपारी दिवे लावावे लागत होते अशा त्या पेटलेल्या विहिरींच्या धुरात, एक अमेरिकन सिनेटर पाहणीला आला. जयप्रकाशने नळकांडी त्याच्या माणसांच्या ताब्यात दिली. सिनेटरने हात मिळवला. "या हातांनी कुवेतचं तेल वाचवलंय," असं म्हणून जयप्रकाश दोन्ही तळवे दाखवायचा आणि टाळ्या पडायच्या.

गोष्टीत एक जण मात्र कधीच यायचा नाही. किल्ली मिळाली त्याच आठवड्यात जयप्रकाशने बायकोला, शर्मिलाला, आठ महिन्यांच्या सलीलसकट शेजाऱ्यांबरोबर बसमध्ये बसवून दिलं होतं. इराक आणि जॉर्डनच्या मधल्या वाळूत तंबूंची छावणी होती. तिथे चौथ्या दिवशी सलील गेला. ना दाखला, ना नोंद. पुरणाऱ्यांनी नाव विचारलं, पण लिहून कुणीच घेतलं नाही.

पुढच्या वर्षी जयप्रकाश रजेवर नाशिकला आला तेव्हा शर्मिलाने त्याला दोष दिला नाही, भांडण काढलं नाही. एवढंच म्हणाली, "त्याचं नाव कुठे तरी लिहिलेलं असायला हवं हो. नाही तर तो होता हे कोण सांगेल?" आणि रडायला लागली. जयप्रकाशला रडणं बघवत नाही. दुसऱ्याचं तर अजिबात नाही. तो पटकन बोलून गेला, "सिनेटरसाहेबांना लिहिलंय मी. सलीलचं सगळं. अमेरिकेच्या सरकारी कागदांत त्याचं नाव गेलंय." शर्मिलाने डोळे पुसले. ती पुन्हा कुवेतला आली, जुईलीला जन्म दिला, इंडियन स्कूलच्या बालवाडीत अठरा वर्षं मुलं सांभाळली, आणि ते एक वाक्य देवघरातल्या टाकासारखं जपून ठेवलं. जयप्रकाश मात्र ते वाक्य विसरला. असली माणसं आपली थाप विसरतात, दुसऱ्याला दिलेला कागद विसरत नाहीत. सिनेटरच्या माणसांनी नळकांड्यांची पोच दिली नव्हती. ती मिळावी म्हणून त्याने बावीस वर्षांत सिनेटरला एकोणीस पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

सिनेटर सहा वेळा निवडून आला, छत्तीस वर्षं त्या सभागृहात बसला, तेलाच्या समितीवर राहिला, म्हातारा झाला, वारला. त्याच्या घरच्यांनी नऊशे चाळीस खोकी कागद तिकडच्या एका विद्यापीठाला देऊन टाकले. ग्रंथपालांनी काही वर्षं खपून त्यांची यादी केली आणि यंदा ती नेटवर टाकली. मराठी मंडळाचा सेक्रेटरी धैर्यशील बँकेत काम करतो. त्याला रिकामा वेळ आणि खोड्या दोन्ही भरपूर. त्यानेच फोन केला. "काका, तुमचा सिनेटर सापडला! खोकं दोनशे बारा, कुवेत, पत्रव्यवहार, देवरे. चक्क तुमच्या नावाची फाइल आहे. आता तुमच्या सेंडऑफला मोठ्या पडद्यावर दाखवू. खरं-खोटं होऊनच जाऊ दे एकदाचं."

पस्तीस वर्षांनंतर देवरे मंडळी कायमची नाशिकला निघाली होती. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपत आला होता, घरभर कार्टन पसरले होते. जयप्रकाशला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. अमेरिकेत आपल्या नावाची फाइल! विद्यापीठाचा ऑनलाइन फॉर्म त्याला जमेना, म्हणून त्याने एगैलाला राहणाऱ्या लेकीला सांगितलं. जुईलीने फॉर्म भरला, "बाबा, डन. दे विल मेल मी द स्कॅन्स," म्हणाली आणि फोन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

स्वयंपाकघरातून शर्मिलाने विचारलं, "सगळी पत्रं येतील ना? सलीलचं पण?"

जयप्रकाशच्या हातातला टेपचा रोल तसाच राहिला. ते वाक्य इतक्या वर्षांनी त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं होतं. "येईल ना," तो म्हणाला. मग त्याने स्वतःची समजूत घातली. पत्रं इंग्रजीत. शर्मिलाचं इंग्रजी म्हणजे बालवाडीतल्या बाईंचं, ए फॉर ॲपलच्या पुढे कशाला जातंय? आपणच वाचून दाखवू. पस्तीस वर्षं एका छताखाली राहून माणसाला बायकोला किती वाचता येतं हेही कळत नसेल, तर त्याने जगाचे कागद कशाला सांभाळावेत?

शुक्रवारी सकाळी चहाबरोबर शर्मिलाने कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. "जुईलीने काल ऑफिसातून प्रिंट काढून आणले. तुम्ही झोपला होतात." एवढं सांगून ती समोरच्या कार्टनवर बसली. कार्गोवाला झहूर अकराला येणार होता.

सगळ्यात वर पत्र नव्हतंच. सिनेटरच्या कचेरीतली एक टाइप केलेली चिठ्ठी होती. कुवेतहून आलेली चोवीस नळकांडी तपासली. हीच ड्रॉइंगं कंपनीच्या अमेरिकेतल्या सल्लागारांकडे आधीपासून आहेत. दुबार प्रत, ठेवण्याची गरज नाही, नष्ट केली. तारीख नळकांडी दिल्यानंतर अकराव्या दिवसाची.

जयप्रकाशने चिठ्ठी पुन्हा वाचली. दुबार. जन्मभर हा माणूस दुसऱ्यांच्या टेबलावर बोट आपटून विचारत आला होता, "याची दुसरी प्रत कुठे आहे?" इंजिनीअर त्याला पाहून रस्ता बदलायचे. तोच प्रश्न त्याने नव्वदच्या ऑगस्टमध्ये एकदाही विचारला नव्हता, कारण किल्ली हातात आली होती आणि साहेबाने नाव घेतलं होतं. खाली पत्रांच्या गठ्ठ्याला एक छोटी पट्टी टाचलेली होती: परदेशी, मतदार नाही, उत्तर नको.

उद्याच्या सेंडऑफला पडद्यावर धैर्यशील हेच दाखवणार. त्याने मान वर केली. शर्मिला एवढंच म्हणेल, जाऊ दे हो, लोकांचं काय, अशी त्याची आशा होती. दुखलं-खुपलं की ती नेहमी तेच म्हणायची.

"एक्याण्णवचं काढा," शर्मिला म्हणाली. "सलीलचं."

"अगं, आधी हे तर बघ काय लिहिलंय त्यांनी..."

"ते असू द्या. सलीलचं वाचा. मला मराठीत सांगा."

एक्याण्णवच्या मे महिन्यातलं एकच पत्र होतं. जयप्रकाशने ते हातात घेतलं, घसा साफ केला आणि कागदाकडे बघत बघत नसलेलं पत्र वाचू लागला. "माननीय महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझा एकुलता एक मुलगा सलील हा जॉर्डनच्या सीमेवर मरण पावला." थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ऐकत होती. त्याला हुरूप आला. "तो नऊ महिन्यांचाही झाला नव्हता. अतिशय गुणी बालक होते." हे त्यालाच कोरडं वाटलं, म्हणून त्याने भर घातली. "त्याला दोन दात आले होते. खालचे. मी ऑफिसातून आलो की तो दोन्ही हात वर करायचा. उचलून घेतलं की माझ्या खिशातलं पेन काढायचा आणि..."

आणि त्याचा आवाज फुटला. हे त्याने रचलेलं नव्हतं. पेन काढायचा, टोपण चोखायचा, शर्टावर निळे डाग पडायचे. इतक्या वर्षांत हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता खोटं वाचता वाचता तो त्यावर जाऊन आदळला. जयप्रकाश रडला. खरंच रडला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण रडता रडता त्याला सुटल्यासारखंही वाटलं, की चला, निभावलं; हेही सांगायला हवं.

शर्मिलाने त्याचं रडणं थांबू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता खालून तिसरी ओळ वाचा."

"कुठली?"

"खालून तिसरी. इंग्रजीतच वाचा, मला कळतं."

त्याने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. शेवटी तिनेच ती ओळ म्हणून दाखवली, कागदाकडे न बघता, आधी इंग्रजीत आणि मग त्याच्यासाठी मराठीत. "मला मूलबाळ नाही, त्यामुळे नोकरीसाठी मी कुठेही यायला मोकळा आहे." मग म्हणाली, "काल रात्री सगळी वाचली. एकोणीसही, दोन-दोन वेळा. पोच मागितलीत, नोकरी मागितलीत, एकदा सही केलेला फोटो मागितलात. त्याचं नाव कुठेच नाही."

"अगं, अर्जात तसं लिहावं लागतं. अमेरिकेत गेलो असतो तर तुझंच..."

"मी कुठे म्हणते खोटं लिहिलंत? मे महिन्यात नव्हतंच आपल्याला मूल."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर जयप्रकाशला बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते त्याला येत होतं. तो खाली बघत म्हणाला, "पण मघाशी जे बोललो, पेनाचं, दातांचं, ते खरं आहे, शर्मिला. ते मी बनवून नाही सांगितलं."

"चार होते," ती म्हणाली.

"काय?"

"दात. वरचे दोन बसमध्ये आले, बसऱ्याच्या पुढे. अंग तापलं होतं त्याचं. मला वाटलं दातांचाच ताप आहे, म्हणून दोन दिवस मी कुणा डॉक्टरला दाखवलंच नाही. तंबूत एक डॉक्टर होता. शेजारच्याच तंबूत होता. तुम्ही कधी तरी विचाराल, कसा गेला, म्हणून वाट बघत होते. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मग तुम्ही म्हणाला असतात की तुझी चूक नव्हती, किंवा म्हणाला असतात की होती. काहीही चाललं असतं मला."

खाली झहूरच्या गाडीचा हॉर्न वाजला. शर्मिला उठून दार उघडायला गेली. काहीतरी बोलायला हवं, आत्ताच, ती दारापाशी पोचायच्या आत, हे जयप्रकाशला कळत होतं. त्याने एकोणीस पत्रं पुढे ओढली, टाचणी काढली आणि ती तारखेवार लावायला घेतली.