कानटोपीवाला इसम

श्रूजबरी हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव. नावच मुळात विलायतेतून उसनं आणलेलं. त्याच्या कडेला एका बिल्डरने एकतीस घरांची वसाहत बांधली आणि तिचं नाव ठेवलं थॉर्नफर्ड व्हिलेज. ह्या बिल्डरने इंग्लंड विमानातूनसुद्धा पाहिलं नसावं. पण तोंडाशी लाकडी पाटी, रस्त्याला काळे लोखंडी दिवे, प्रत्येक घराला कधीच न पेटणारं धुराडं असा इंग्लिश खेड्याचा सगळा बाज त्याने उभा केला होता. खेड्यात खरोखर जे असतं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठे निघालात?" म्हणून विचारणारी माणसं, तेवढं मात्र राहून गेलं.

ह्या व्हिलेजात गुरुनाथ टिपणीस आठ वर्षांपूर्वी राहायला आला. मूळचा नागपूरचा, वय त्रेपन्न, एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळायचं काम. घर घेताना लोक स्वयंपाकघर बघतात, शाळा बघतात. गुरुनाथने एकच आकडा बघितला : दर हजार माणसांमागे गुन्हे किती. तो इतका लहान निघाला की त्याने एजंटला तो पुन्हा तपासायला लावला. त्याची बायको हिमानी तेवढ्या वेळात वरच्या नळाला पाणी नीट येतं की नाही ते बघून आली, म्हणून निदान आंघोळीची सोय झाली.

नागपुरात त्याच्या घराला दिवसा कधी कडी लागली नव्हती. इथे आठ वर्षांत कुणाची टाचणी चोरीला गेली नाही, तर ह्याने दाराला दोन कुलपं लावली, घराच्या चारी बाजूंना कॅमेरे लावले आणि अंगणात मांजर फिरलं तरी झगझगीत पेटणारे दिवे लावले. घाबरायला कारण लागतंच असं नाही. रिकामा वेळ असला तरी भागतं, आणि घरून काम करणाऱ्या गुरुनाथकडे तो भरपूर होता.

दोन वर्षांपूर्वी वसाहतीच्या मीटिंगमध्ये राखणीचा कॅप्टन निवडायचा होता. कुणालाच ते लचांड नको होतं. समोरच्या घरातली बार्बरा म्हणाली, "हाऊ अबाउट अवर गुरु?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. गुरुनाथला मात्र हत्तीवरून साखर वाटावीशी वाटली. बारा वर्षं व्हिसाच्या रांगेत काढलेला माणूस तो. गोऱ्यांनी आपली घरं आपल्या भरवशावर सोडली, ह्याची त्याला अशी काही नशा चढली की त्याने चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट मागवलं. तेव्हापासून दर रविवारी वसाहतीच्या ग्रुपवर त्याचं 'सेफ्टी अपडेट' येऊ लागलं. दोन वर्षांत त्यात दोनच गुन्हे नोंदले गेले. एक चोरीला गेलेलं पार्सल, जे नंतर झुडपामागे सापडलं, आणि हॅलोविनला कुणीतरी फोडलेला एक भोपळा. भोपळ्यावर त्याने सव्वा पान लिहिलं होतं.

"बाबा, नोबडी रीड्स इट," असं त्याची मुलगी केया त्याला सांगून थकली.

"वाचत नाहीत, कारण त्यांना सेफ वाटतं," गुरुनाथ म्हणाला. "आणि सेफ का वाटतं? कारण मी लिहितो."



तर गेल्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी सकाळी सहाला, गुरुनाथच्या फोनने टुणटुण केलं. कॅमेऱ्यात एक माणूस दिसत होता. उन्हाळा असून डोक्याला लोकरीची कानटोपी, हनुवटीपर्यंत ओढलेली. हातात प्लास्टिकची पिशवी. हा इसम प्रत्येक घरासमोर थांबायचा, मान वाकडी करून आत बघायचा आणि पुढे जायचा. बार्बराच्या घरासमोर तो बराच वेळ रेंगाळला, झुडपात हात घालून काहीतरी काढलं आणि पिशवीत टाकलं.

गुरुनाथ घाबरला. खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो गुन्हेगार शेवटी आला होता. त्याने ग्रुपवर फोटो टाकला, वर लाल अक्षरांत 'अलर्ट' लिहिलं आणि पोलिसांना फोन लावला.

"अरे, आधी बाहेर जाऊन बघ तरी," हिमानी चहा गाळता गाळता म्हणाली. "टोपी आपल्याकडची वाटतेय."

"क्रिमिनलसमोर जाऊन उभं राहायचं नसतं, यार. प्रोटोकॉल असतो."

दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली. गुरुनाथ जाकीट घालून बाहेर पडला. फूटपाथवर एक तरुण ऑफिसर उभा होता, आणि त्याच्यासमोर सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा, मिशा पांढऱ्याशुभ्र झालेला एक माणूस. पिशवी ऑफिसरच्या हातात होती. त्याने ती उघडून गुरुनाथला दाखवली. आत सात-आठ फुलं होती. बार्बराच्या झुडपाची, जास्वंदीसारखी दिसणारी, फिकट जांभळी.

गुरुनाथला ते बघताक्षणी सगळं कळलं. देवपूजेची फुलं. त्याची स्वतःची आई त्याला सकाळी परडी देऊन गल्लीत पिटाळायची. कुंपणाच्या आतल्या फुलाला हात लावायचा नाही, बाहेर वाकलेलं फूल वाटेवरच्या माणसाचं, असा तिचा कायदा होता. नागपुरातली निम्मी कुंपणं त्याने ह्या कायद्याने साफ केली होती. आणि आज त्याच कामासाठी त्याने एका म्हाताऱ्यावर पोलीस आणले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोरच नव्हता.

"धिस जंटलमन कॉल्ड इट इन," ऑफिसर गुरुनाथकडे हात करून म्हाताऱ्याला म्हणाला. मग गुरुनाथकडे वळला. "तुम्हाला ह्यांची भाषा येते का, सर?"

म्हातारा शांतपणे एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नसावं, असं गुरुनाथने ठरवून टाकलं, कारण तसं असणं त्याच्या सोयीचं होतं.

"काका, मी टिपणीस. तुम्ही कुणाकडे आलात?"

"श्रीरंग शेडगेकडे. अठ्ठावीस नंबर. मी त्याचा बाप, रवींद्र शेडगे." काकांनी कानटोपी काढली. "ही गेल्यापासून तिच्या देवांचं मीच करतो. नुसतं पाणी घालायला बरं वाटेना. साहेबांना म्हणावं, चुकलं."

श्रीरंग शेडगे हा गेल्याच महिन्यात राहायला आलेला. गुरुनाथने ऑफिसरला सगळं समजावलं. ऑफिसर हसला, पिशवी परत दिली आणि म्हणाला, "ह्यांना सांगा, तुम्ही फक्त काळजीपोटी फोन केला."

"ते म्हणतायत," गुरुनाथने भाषांतर केलं, "ह्या भागात जरा जपून फिरा."

काकांनी क्षणभर त्याच्या जाकिटाकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "देवासारखे धावून आलात, टिपणीससाहेब."

ह्या वेळी तोंड उघडायचं होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण सव्वा पान भोपळ्यावर लिहिणाऱ्या ह्या माणसाला दोन वाक्यं सुचली नाहीत. तो म्हणाला, "छे छे, काका, त्यात काय."

घरी येऊन त्याने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. श्रीरंग अजून त्या ग्रुपवर नव्हता, एवढंच नशीब. मग मात्र त्याला खरी भीती म्हणजे काय ते समजलं. श्रीरंगला कळलं की फोन कुणी केला, तर दुपारपर्यंत ते मराठी मंडळाला कळणार, आणि गणपतीत आरतीचं ताट हातात घ्यायला कोणी त्याला बोलावणार नाही. आपल्याच माणसाच्या बापाला पोलिसांच्या हवाली केलं, हे वाक्य त्याला चौघांच्या तोंडून ऐकू येऊ लागलं. चारही कॅमेरे त्याच्याकडेच वळले आहेत असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजली. दारात काका, कानटोपी, पिशवी.

"मुलगा म्हणतो, एकटे जाऊ नका. तुम्ही बरोबर असलात की कुणी विचारत नाही. येता का? फेरी काही मोठी नाही."

नाही म्हणायची सोय गुरुनाथने स्वतःच ठेवली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो निघाला, आणि मग रोजच निघू लागला. वसाहतीचा कॅप्टन, चकाकतं जाकीट घालून, सकाळी सकाळी लोकांच्या कुंपणापाशी उभा, आणि काका आपले निवांत फुलं खुडताहेत. कॅमेरा कुठल्या कोनातून काय टिपतो हे गुरुनाथला पाठ होतं, त्यामुळे तो दर घराशी खांबाआड सरकायचा. त्याने तो आणखीच चोरासारखा दिसायचा.

काकांना मात्र गप्पांचा सोस. पलीकडच्या घरात कुत्रं आजारी आहे, सतरा नंबरच्या बाईचा नवरा महिनाभर दिसलेला नाही, कोपऱ्यावरचा म्हातारा रोज गॅरेजचं दार उघडं विसरतो, हे सगळं त्यांना तीन आठवड्यांत ठाऊक झालं होतं. गुरुनाथला आठ वर्षांत लोकांची फक्त आडनावं माहीत झाली होती, तीही टपालपेट्यांवरून.

"इथे गुन्हे किती होतात हो?" एकदा काकांनी विचारलं.

"जवळजवळ शून्य, काका." गुरुनाथची छाती नाही म्हटलं तरी फुगली. "मी स्वतः डेटा ट्रॅक करतो."

"असं." काकांनी एक फूल उजेडात धरून किडा नाही ना ते पाहिलं. "आमच्याकडे एका वर्षी तालुक्यातल्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. चोर तेच होते. नोंद करणारा बदलला होता."

गुरुनाथने हे ऐकलं आणि सोडून दिलं. काका कुठे नोकरीला होते हे त्याने विचारलं नाही. 'सरकारी नोकरीतून रिटायर' एवढं श्रीरंगने सांगितलं होतं आणि तेवढ्यावर त्याने त्यांना शिक्षण खात्यात बसवून टाकलं होतं. लोकांची इतकी राखण करणाऱ्याला लोकांची चौकशी करायला सवड कुठून असणार?

दीड महिना असा गेला. सप्टेंबर संपत आला, फुलं विरळ झाली. आणि एका शनिवारी, काका बार्बराच्या झुडपातलं शेवटचं फूल काढत असताना, वळणावरून पोलिसांची तीच गाडी आली.

ऑफिसरही तोच. तो उतरला, दोघांना ओळखलं आणि त्याला हसू आवरेना. बार्बरा नुकतीच सुट्टीवरून परतली होती. तिने आपल्या कॅमेऱ्यातले दीड महिन्याचे व्हिडिओ बघितले होते आणि ग्रुपवर टाकले होते. रोज त्याच वेळी येणारे दोन संशयास्पद इसम. एक टोपीवाला. दुसरा, जो सतत खांबाआड लपतो आणि पोलिसासारखं जाकीट घालून फिरतो. दुसराच जास्त धोकादायक वाटतो, असं तिने खाली लिहिलं होतं. आठ वर्षं समोर राहणाऱ्या शेजारणीला गुरुनाथचा चेहरा ओळखू आला नव्हता.

"मिस्टर टिपणीस," ऑफिसर म्हणाला, "लास्ट टाइम तुम्ही ह्यांच्यासाठी आम्हाला फोन केलात. आता कुणीतरी तुमच्यासाठी केलाय. मी तिला समजावतो. हॅव अ गुड डे." आणि तो बार्बराच्या दाराकडे गेला.

गुरुनाथ काकांकडे वळला. काका फुलं पिशवीत नीट लावत होते.

"काका, ते म्हणतायत..."

"कळलं."

"नाही, म्हणजे ते असं म्हणाले की..."

"अहो, चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली मी. हवालदार म्हणून रिटायर झालो. बोलता येत नाही, पण कोणी फोन केला, कोणावर केला, एवढं इंग्रजी समजतं." आवाजात राग नव्हता, त्यामुळे गुरुनाथला जास्तच लागलं. "त्या दिवशी साहेबाने तुमच्याकडे हात केला तेव्हाच समजलं. आणि त्याने सांगितलं नसतं तरी फिर्यादीचा चेहरा लपत नाही."

गुरुनाथने अठ्ठावीस नंबरकडे पाहिलं. "मग... श्रीरंगला?"

"नाही सांगितलं. त्याला इथे राहायचंय, तुम्हालाही राहायचंय."

"मग तुम्ही रोज माझ्याकडे का येत होता, काका? पोलीस तर तुम्हाला तसंही..."

"मला कसली भीती?" काका पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "ठाण्यात एक माणूस यायचा बघा. रोज. आज कुणी पाठलाग केला, उद्या कुणी कडी वाजवली. घडलेलं काही नसायचं. साहेब म्हणायचे, हाकलून द्या. मी त्याला चहा पाजून घरापर्यंत सोडून यायचो. चालता चालता चार माणसं भेटायची, रामराम व्हायचा, तेवढ्याने त्याला त्या रात्री झोप लागायची." त्यांनी कानटोपी सारखी केली. "तुम्हाला वाटलं तुम्ही मला सोबत करताय. करा की, म्हटलं. तेवढाच घराबाहेर पडाल."

गुरुनाथच्या अंगातलं जाकीट सकाळच्या उन्हात लखलखत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते काढून कुठेतरी टाकून द्यावंसं वाटलं. बार्बराच्या दारात ऑफिसर काहीतरी सांगत होता. तिने तोंडावर हात ठेवला, मग अंगणापलीकडून अवघडून हात हलवला.

"बाई बोलावतेय," काका म्हणाले. त्यांनी पिशवी गुरुनाथच्या हातात दिली. "दोन फुलं तिला द्या आणि नाव सांगा. तुमचं."