अठराच्या वरचा पिच्चर

एवढी फजिती झाली ना माही, का सांगाले बसलो तरी कान गरम होतात. पन चहा आलाच हाय, तर ऐकूनच घ्या!

मी लहान असताना बाबा मले अकोल्याच्या टॉकीजमंदी न्यायचे. पडद्यावर चाकू निंगाला का त्यायचा हात फटकन माह्या डोयावर! तेच आमचं सेन्सॉर. आमी भाजीपाल्याचे लोक, हाताले कोथिंबिरीचा वास. अर्धे पिच्चर म्या त्या वासातच पाह्यले. काय दिवस होते बाप्पा! अजूनही कोथिंबीर निवडाले बसलो का मले ते टॉकीज आठवते.

तर गेल्या दिवाळीत बाबा म्हनाले, "दिल्या, तो निवडनुकीचा पिच्चर दाखव मले."

बाबा गावचे जुने सरपंच. आई गेल्यापासून त्यायनं टॉकीजचं नाव काढलं नव्हतं. मले इतका आनंद झाला म्हनता! पन मोबाईलवर पाह्यतो तर काय? फक्त प्रौढांसाठी! रक्तपात, शिवीगाळ, खून. अन् बाबाले बीपी. डॉक्टरनं बजावलंच होतं, यायले धक्का बसू देऊ नका.

"बाबा, दुसरा पाहू. देवाधर्माचा."

"काहून? मी अठराचा नाही झालो का?"

गेलो बाबाले घेऊन अमरावतीले. कोनता सीन कवा येते, सारं आधीच वाचून ठेवलं. मोठा खून इंटरव्हलनंतर होता.

इंटरव्हलमंदी मी समोसे आनाले गेलो. परतलो तवा अंधार झालता. खुर्चीत बसतो न बसतो तर पडद्यावर आमदाराच्या मांग कोयतावाला! पाह्यलं ना सवरलं, म्या बाजूच्या डोयावर हात दाबून धरला.

पन बाबाचा चष्मा कुठी गेला? चाचपून पाह्यलं, तर खाली ही मोठी मिशी! आमच्या बाबाले मिशी नाही हो!

"अबे कोन हाय बे? डोये काहून दाबून राह्यला?"

गडी निंगाला कोन्या पक्षाचा कार्यकर्ता. उभा राहून वरडला, "पाहा हो! यायच्या नेत्याची पोल खुलून राह्यली, म्हनून मले पिच्चर पाहू देत नाही हा!"

"कोन्या पक्षाचा हाय थो? धरा त्याले!" मांगून आवाज आला.

लाइट लागले. मॅनेजर धावत आला. माह्या हातात समोसे, अन् माही कॉलर त्या गड्याच्या हातात.

अन् बाबा? दोन रांगा मांग! चांदूर बाजारचे जुने दोस्त भेटले म्हनून त्यायच्यापाशी जाऊन बसले, अन् तिथच्या मिशीवाल्याले आपल्या खुर्चीवर धाडलं. आरामात बसून होते. बीपी ना फीपी!

"बाबा, सांगा ना यायले मी कोन हाय थे!"

बाबा उठले. ग्रामसभेत बोलायचे तसा आवाज लावला. "सोडा हो त्याले, पोरगा हाय माहा. पन्नाशीले आला, पन असे पिच्चर झेपत नाही त्याले. बाहेर बसवा. मी पाहून येतो."

सारं टॉकीज हसलं. अन् त्या मॅनेजरनं मले खरंच बाहेर नेलं, अन् वय भरत नाही म्हनून दारावर अडवलेल्या लेकरायच्या बाकड्यावर बसवलं!