सर्वांत ज्येष्ठ कोण?

डोमाजी घाटंजीजवळच्या एका सरकारी विश्रामगृहाचा खानसामा. साहेबलोकांची ज्येष्ठता त्याला तोंडपाठ. कोण कोणत्या साली नोकरीत लागला, बढती कधी मिळाली, हे पाहूनच तो खोल्या द्यायचा. सव्वीस वर्षांत तक्रार नव्हती.

२००६ च्या मे महिन्यात कापूस-खरेदीच्या पाहणीला मुंबईहून दोन सचिव आले. सोबत विजयमाला मॅडम, हाताखालच्या अधिकारी. दोन्ही सचिव एकाच दिवशी नोकरीत लागलेले, आणि एक नंबरची खोली एकच. उंच साहेब म्हणाले, परीक्षेत आपण वर होतो. चष्मेवाले म्हणाले, बढती आपल्याला आधी मिळाली. दोघंही व्हरांड्यात घाम पुसत उभे. दोन नंबरकडे कोणी पाहीना.

डोमाजी तरुणपणी बैलगाड्या रंगवायचा. त्यानं लाल रंग शोधला, दोन नंबरच्या दारावरचा आकडा पुसला आणि तिथंही ठसठशीत ‘१’ काढला. कूलर मधल्या बोळात ठेवला, दोन्ही दारांना सारखाच वारा लागेल असा. दोघंही समाधानानं आत गेले.

तासाभरानं मंत्रालयातून फोन आला. नव्या पदाची ऑर्डर निघतेय, तिथल्या सर्वांत ज्येष्ठ साहेबांना ताबडतोब पाठवा. डोमाजी नाव विचारणार तोच लाइन गेली. त्यानं डोकं खाजवलं आणि दोन्ही दारं वाजवून तोच निरोप दिला.

पाच मिनिटांत दोन्ही गाड्या फाटकात एकमेकींना अडकल्या. मागं कोणीच घेईना. शेवटी डोमाजीनं फाटकाचं गंजून बसलेलं दुसरं दार बिजागरीतून काढलं, तेव्हा त्या शेजारीशेजारी बाहेर पडल्या.

अंगणात कडुनिंबाखाली सकाळपासून चाळीस शेतकरी बसले होते. मॅडमनी घाबरून विचारलं, आता यांच्याशी कोण बोलणार?

“मॅडम, आता तुमीच सीनियर,” डोमाजी म्हणाला.

मॅडम सतरंजीवर बसल्या. मथुराबाई नावाची म्हातारी आधी बोलली. पंचवीस किलोमीटर कापूस नेऊन तीन दिवस रांगेत बसावं लागते, म्हणाली. गावातलं खरेदी केंद्र बंद काहून केलं? मॅडमनी चार तास लिहून घेतलं. डोमाजीच्या बायकोनं, रामीबाईनं, साहेबांसाठी केलेलं जेवण सगळ्यांना थोडंथोडं वाढलं.

ऑर्डर नागपूरच्या तिसऱ्याच साहेबांची होती, फोन चुकून इथं लागला होता, हे नंतर कळलं. डोमाजी महिनाभर धास्तावून होता. पण दोघांपैकी एकाही साहेबाला ही गोष्ट कोणाला सांगायची नव्हती.

दिवाळीनंतर खरेदी केंद्र उघडलं. मथुराबाईनं डोमाजीच्या घरी टोपलीभर बोरं पाठवली.